ओठाला लावलेला तुकडा

मैरामने नान-रोटीचा तुकडा हातात घेतला, ओठांना लावला आणि एप्रनच्या खिशात टाकला. एवढंच झालं. खोलीत सात-आठ बायका होत्या, मधल्या टेबलावर जर्दाळू, तळलेले बोरसोक, चहाची किटली, आणि रिसेप्शनवरच्या बाईला नातू झाला म्हणून चाललेला गलका. त्या हाताकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. मैरामला वॉर्डातून बोलावणं आलं होतं, ती उठायला लागली, आणि टेबलावरच्या नानाला तोंड न लावता उठायचं नाही ही रीत, म्हणून अनारकुलनेच तो तुकडा तोडून तिच्यापुढे धरला होता. एकोणीस वर्षं मैराम तिच्या हाताखाली ईसीजी काढत होती. एकोणीस वर्षांत असे शेकडो तुकडे दिले-घेतले गेले असतील. पण आज अनारकुलची नजर त्या हाताबरोबर ओठापर्यंत गेली, तिथून खिशापर्यंत गेली आणि तिथेच अडकली.

"खाल्ला का नाहीस गं?" तिने विचारलं.

"रोजा आहे, एजे." मैराम दहा वर्षांनी लहान, मोठ्या बहिणीच्या मानाने ती अनारकुलला एजेच म्हणायची. "ओरोझोच्या महिन्यात माझे सहा रोजे बुडले होते, बायकांचं असतं ना ते. आता एकेक करून फेडतेय."

"ऑगस्टच्या या उन्हात? पाण्याचा थेंबही नाही? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"बघा! म्हणूनच तुम्हाला कोणी सांगत नाही." बायका हसल्या. मैरामही हसली, आणि दाराशी थांबून, जाता जाता गंमत म्हणून म्हणाली, "गेल्या वर्षी त्या म्हाताऱ्या आजोबांना रोजा धरला म्हणून तुम्ही पॅसेजमध्ये असं झाडलंत, की तेव्हापासून आमचे पेशंट बाहेरच्या बाकावर एकमेकांना पढवून ठेवतात. आत गेलात आणि डॉक्टर एजेनं विचारलं, तर सांगायचं, चहा पिऊनच आलोय."

"आणि तू हे ऐकतेस?"

"मी दारातच बसते की. कानात बोळे घालू?"

अनारकुलही हसली. हसणं भाग होतं. मग आपल्या तपासणीच्या खोलीत आली, दार लावलं आणि खुर्चीवर न बसता उभीच राहिली. तिला दुसरा हात दिसत होता. बारीक, उन्हाने रापलेला, मनगटावर लाल दोरा बांधलेला. तो हात बुरुलचा होता. जूनचा शेवटचा आठवडा, दुपारचे तीन. बुरुलने सासूच्या हातचा नान फडक्यात बांधून आणला होता, कारण डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं. आणि अनारकुलने, तपासणी संपल्यावर, मनासारखं निदान झाल्याच्या खुशीत तोच नान मोडून पहिला तुकडा तिला दिला होता. बुरुलने तो ओठांना लावला आणि रुमालाच्या टोकात बांधला. अनारकुलने हे पाहिलं होतं! पाहिलं होतं, आणि तेव्हा तिच्या मनात आलं होतं, की मुलगी वळणाची आहे, वाटेसाठी ठेवतेय. जूनचा शेवटचा आठवडा. ओरोझोचा, रोज्यांच्या महिन्याचा, विसावा-बाविसावा दिवस. पहाटे तीनपासून रात्री नऊपर्यंत, पाण्याशिवाय.

फाइल काढायची गरज नव्हती, तरी तिने काढली. सत्तावीस वर्षांची बाई. लहानपणी घसा धरलेला, ताप, गुडघे सुजलेले. गावाकडे कोणी मनावर घेतलं नाही. मग कधीतरी हृदयाच्या डाव्या बाजूची, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उघडणारी झडप जाड होऊन कडांना चिकटत गेली. अशा झडपा अनारकुलने हजारांनी ऐकल्या होत्या. डाव्या कुशीवर निजवायचं, नळीचं घंटेसारखं तोंड अलगद टेकवायचं, दाबायचं नाही, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत कान लावून बसायचं. झडप अरुंद असेल तर तिथे खोल गडगड ऐकू येते, दूरच्या डोंगरावरून दगड घरंगळत यावेत तशी. बुरुलची गडगड हलकी होती, शोधावी लागली. मग यंत्राने झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मोजला: पाऱ्याचे चार मिलिमीटर. दहाच्या वर गेला की काळजी करायची, चार म्हणजे काहीच नाही. कान म्हणाला सौम्य, आकडा म्हणाला सौम्य. दोन साक्षीदार एकाच सुरात बोलत होते. तिसराही एक होता, पण तो पुटपुटत होता. पडद्यावर झडपेचं तोंड मोजताना एकदा सव्वा चौरस सेंटीमीटर आलं, एकदा पावणेदोन. कडा नीट दिसत नव्हत्या. सव्वा म्हणजे वाईट, पावणेदोन म्हणजे चालेल. तिने पावणेदोन लिहिलं. दोघे भले साक्षीदार एक सांगत असताना पुटपुटणाऱ्याचं कोण ऐकतो?

ते दोघे एकाच विहिरीचं पाणी पिऊन आले होते, हे तिला आता, सात आठवड्यांनी कळत होतं. गडगड होते ती झडपेतून जाणाऱ्या रक्ताने. दाबातला फरक पडतो तोही जाणाऱ्या रक्तानेच. बारा तास पाणी न प्यालेल्या, लघवीची गोळी पहाटेच घेतलेल्या, त्यात ठोके मंद करणाऱ्या गोळीवर असलेल्या बाईच्या अंगात जायला रक्त होतं कुठे? दार तेवढंच अरुंद होतं. फक्त त्यातून जाणारी गर्दी त्या दुपारी कमी होती. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना ती स्वतः शिकवते. पुटपुटणारा तिसरा, तेवढाच एक, रक्तावर अवलंबून नव्हता. आणि बुरुलने ओढणीचं टोक चाळवत, खाली मान घालून विचारलं होतं, "एजे, मग मूल?" आणि अनारकुल म्हणाली होती, "खुशाल! आणि लवकर. सासूबाईंना सांग, माझी परवानगी आहे."

बुरुलचा फोन बंद होता. नवऱ्याचाही. उन्हाळ्यात ती माणसं खिंडीपलीकडे जायलोवर, वरच्या कुरणात असतात, युर्तांत, त्या गोल लोकरी तंबूंत, घोड्यामेंढ्यांबरोबर. सप्टेंबर लागल्याशिवाय उतरत नाहीत. जाताना बुरुलनेच सांगितलं होतं, "बोगद्यातून पलीकडे उतरलात की तिसरं वळण. निळ्या दाराचा युर्त आमचा. घोडीच्या दुधाचं किमिझ प्यायला या ना एजे." असली आमंत्रणं पेशंट रोज देतात आणि डॉक्टर रोज "येईन हं" म्हणतात. अनारकुलने दहादा फोन लावला. मग खिडकीशी उभी राहून तिने, स्वतःशीही कबूल करायला लाज वाटावी असा एक विचार केला. सप्टेंबरात ती मुलगी उतरेलच. तेव्हा बोलावून घ्यावं, नेहमीची तपासणी म्हणून. यंत्रावर जे येईल ते येईल, आणि फाइलमध्ये दोन शब्द लिहायचे: रोग वाढला. झडपेचे रोग वाढतातच. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. बत्तीस वर्षांची नोकरी, शहरभर झालेलं नाव, आणि त्या नावाला त्या दोन शब्दांनी ओरखडाही उठला नसता.

शनिवारी सकाळी सातला तिने आपली जुनी निवा गाडी काढली. मागच्या सीटवर फक्त स्टेथोस्कोप आणि पाण्याची बाटली. कारा-बाल्तापर्यंत रस्ता सपाट, टरबुजांचे ढीग लावून बसलेले लोक, मग डावीकडे वळलं की घाट सुरू होतो आणि गाडी कण्हायला लागते. अनारकुलला गाडीचं कण्हणं ऐकायची सवय होती. कोणताही आवाज ऐकला की तो कुठून येतो हे शोधायची खोड तिला इसाक नाऊमोविचनी लावली होती. तेव्हा शहराचं नाव फ्रुंझे होतं आणि ते म्हातारे प्रोफेसर लढाईच्या वर्षांत पश्चिमेकडून आले ते इथलेच होऊन गेलेले. झडपेचा पेशंट आला की ते त्याला आधी ऐकतच नसत. "जा, तीन मजले चढून ये, आणि मग माझ्याशी बोल," म्हणायचे, आणि पेशंट धापा टाकत परतला, की त्याला ढकलून कुशीवर निजवून म्हणायचे, "आता ऐका. बसलेल्या माणसाचं हृदय सभ्य असतं, ते खोटं बोलतं." अनारकुल पहिली दहा वर्षं तसंच करायची. मग इस्पितळात लिफ्ट आली, यंत्र आलं, एका पेशंटला पंधरा मिनिटं आली, आणि जिने कधी सुटले ते तिला सांगता येत नव्हतं. बुरुल तीन मजले चढून आली असती तर बारा तासांच्या तहानेलाही ते झाकता आलं नसतं. किंवा अनारकुलने एकच विचारलं असतं: आज पाणी प्यायलीस? पण ते विचारून काय झालं असतं? "चहा पिऊनच आलेय, एजे." बाकावर पाठ करून आलेलं उत्तर. हे उत्तर त्यांच्या तोंडात मी घातलं, तिने गाडीत मोठ्याने म्हटलं आणि स्वतःच्या आवाजाने ती दचकली, कारण तो आवाज तिच्या वडिलांचा होता.

वडील आत-बाशीच्या शाळेत हेडमास्तर होते. ओरोझोचा महिना आला की कोणी रोजा धरता कामा नये असा वरून सरकारी हुकूम यायचा आणि शाळेच्या दारात पाण्याची बादली आणि पत्र्याचा मग ठेवला जायचा. आत येणाऱ्या प्रत्येक पोराने एक घोट प्यायचा, मास्तरांसमोर, गिळून दाखवायचा. वडील वाईट नव्हते. पाण्याचा मग पोरापुढे करताना ते दुसरीकडे बघायचे, हे तिला पुढे कितीतरी वर्षांनी आठवलं. आणि घरी, दुपारच्या जेवणाला, ते नान मोडून आईला द्यायचे आणि आई तुकडा ओठांना लावून एप्रनच्या खिशात टाकायची. वडिलांना दिसत नव्हतं असं कसं म्हणावं? समोरच तर बसलेले. पण ते शोरब्याच्या वाडग्यात बघत राहायचे. मग एका दुपारी आठ वर्षांची अनारकुल मोठ्या हुशारीने म्हणाली, "आई खात नाही. आई खिशात ठेवते." वाडग्यावरून वडिलांची मान वर आली. शेजारी शाळेतलेच एक सहकारी जेवायला बसले होते. वडील उठले, पाणी ओतलं, पेला आईपुढे ठेवला. आई प्यायली. त्यानंतर मरेपर्यंत आई नानाचा तुकडा हातात घेतला की मुलीकडे पाठ करायची; तेही अगदी सहज, काही आणायला वळल्यासारखी. हाताची ती हालचाल ओळखायला साऱ्या शहरात अनारकुलइतकं लायक कोणी नव्हतं. आणि तिलाच ती दिसली तेव्हा ती म्हणाली, वळणाची मुलगी आहे. माणूस आपली चूक विसरत नाही म्हणतात, ते खोटं आहे. माणूस ती इतकी नीट घडी घालून ठेवतो की पुढे समोर आली तरी कपडा कोणाचा ते ओळखू येत नाही.

बोगदा आला. दोन-अडीच किलोमीटर धूर आणि अंधार, पुढच्या ट्रकचे लाल दिवे, आणि वर तीन हजार मीटरवरची विरळ हवा. तिचं स्वतःचं छप्पन्न वर्षांचं, निरोगी झडपांचं हृदय इथे धडधडायला लागलं, आणि तिने मनातल्या मनात त्या दुसऱ्या हृदयाचा हिशेब केला. ठोके जलद झाले की झडप उघडी राहायचा वेळ कमी. पाणी पोटभर, घोडीचं दूध पोटभर, रक्त भरपूर. आणि त्यात जर पोटात मूल असेल तर रक्त दीडपट होत जाणार, महिन्यामहिन्याने. फरक चार राहणार नाही. बारा होईल, अठरा होईल, आणि मागचा सगळा दाब फुफ्फुसांत तुंबेल. बाहेर पडली तर पलीकडचं सुसामिरचं खोरं खाली पसरलेलं होतं, हिरवं, पांढऱ्या युर्तांचे ठिपके, ऊन. इतकं सुंदर दृश्य बघून तिला राग आला.

तिसऱ्या वळणावर निळं दार होतं. दाराशी किमिझच्या बाटल्या मांडलेलं टेबल आणि त्यामागे एक धिप्पाड म्हातारी, डोक्याला पांढरा रुमाल. गिऱ्हाईक समजून ती ओरडली, "ये गं, ये! आजचंच आहे, आंबट नाही!"

"कालिचा आपा? मी अनारकुल. बुरुलची डॉक्टर, शहरातली."

बुरुलच्या सासूने कंबरेवर हात ठेवून तिला खालून वर न्याहाळलं. "अगबाई! एवढी बारीक? बुरुल सांगायची त्यावरून मला वाटलं बैलाएवढी असशील. चल आत. पायगुण बरा आहे तुझा, घोडीची धार आत्ताच काढलीय."

आत नमद्यांवर उन्हाचा गोल पडला होता. घडी केलेल्या रजयांच्या ढिगाला पाठ टेकून बुरुल बसली होती, आणि अनारकुलला स्टेथोस्कोप काढण्याआधीच सगळं कळलं. गालांवर दोन लाल-जांभळे डाग. गळ्याशी उडणारी शीर. ती उठायला गेली आणि अर्ध्यात थांबली, खाली काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत.

"ही बघा तुमची लाडकी," कालिचा म्हणाली. "दोन घागरी आणल्या की दम खाते. रात्री आडवी होत नाही, त्या रजयांना टेकून बसून झोपते, म्हणे असंच बरं वाटतं. राणी झालीय! डॉक्टरने धडधाकट आहेस म्हणून लिहून दिलंय, मग आता आळसच समजायचा ना?"

आळस. धडधाकट हा शब्द अनारकुलने दिला होता आणि त्यातून हा दुसरा शब्द निघाला होता. किती रात्री ही मुलगी बसून झोपली असेल आणि सकाळी टोमणे ऐकत उठली असेल, आणि बोलली नसेल, कारण डॉक्टरने सांगितलंय काही नाही. अनारकुलने म्हातारीला चहा टाकायला पाठवलं आणि बुरुलजवळ गुडघे टेकून बसली.

"किती दिवस चुकलेत?"

बुरुलने दाराकडे पाहिलं. "दुसरा महिना सरत आलाय. अजून सांगितलं नाही कोणाला. पहिले गेले ना दोन. म्हटलं, जरा पक्कं होऊ दे."

"आणि गोळ्या?"

मनगटावरचा लाल दोरा गोल गोल फिरायला लागला. अनारकुलच्या जिभेवर ते आलं: बंद केल्यास ना? अक्कल आहे का? तिला ते अगदी टोकावर जाणवलं, आणि तिने ते गिळलं.

"मी ओरडणार नाही," ती म्हणाली. "मला फक्त माहीत हवंय."

"बंद केल्या, एजे. पोटातल्याला बाधतील म्हणून." मग एकदम भडाभडा, "आणि मी तेव्हा खोटं बोलले तुमच्याशी. मला रोजा होता. तुम्ही विचारलं असतं तर मी चहा प्यायला म्हणणार होते, पण तुम्ही विचारलंच नाहीत, आणि मी म्हटलं सुटले. मग तुम्ही नान दिलात आणि मी... तुम्हाला कळलं होतं का?"

"काल कळलं."

तिने तिला डाव्या कुशीवर निजवलं. मिनिटभरही आडवं राहणं त्या मुलीला जड जात होतं. जिने चढवायची गरज नव्हती. नळी टेकवली, आणि गडगड आली. शोधावी लागली नाही. हाताला कंप जाणवण्याइतकी, ठोक्यापासून ठोक्यापर्यंत सगळी जागा व्यापून, आणि तिच्याआधी झडप ताणून उघडल्याचा तो कोरडा टचकारा, ठोक्याला अगदी खेटून. ठोक्याला जितका खेटून तितका मागचा दाब जास्त. अनारकुल डोळे मिटून ऐकत राहिली. आयुष्यात इतका स्पष्ट आवाज तिने फार कमी वेळा ऐकला होता, आणि तिच्यातल्या जुन्या विद्यार्थिनीला क्षणभर त्याचा आनंदही झाला. त्या आनंदाची तिला शरम वाटली. नळी काढून तिने बुरुलला पुन्हा रजयांना टेकवून बसवलं.

कालिचा चहा घेऊन आली तेव्हा अनारकुल उभी राहिली. हे बसून सांगायचं नव्हतं.

"आपा, ही आळशी नाही. हिची झडप अर्ध्याहून जास्त बंद आहे, आणि जूनमध्येही तेवढीच बंद होती. मी चूक केली. पाण्याविना आलेल्या पोरीला मी तपासलं आणि साधं विचारलं नाही. धडधाकट म्हणून लिहिलं ते चूक होतं. हिला आज खाली न्यायचंय, माझ्याबरोबर."

बाहेर घोडीने शिंगराला हाक घातली.

"तू चूक केलीस," कालिचा सावकाश म्हणाली. "मी हिला दोन महिने टोचून खातेय. तुझ्या कागदावर."

"हो."

"मी हिला घागरी उचलायला लावल्या!"

"हो, आपा. माझ्या कागदावर."

"मी नाही येणार," बुरुल म्हणाली. आवाज बारीक पण पक्का. "तुम्ही मला खाली नेऊन मूल काढायला सांगाल."

मूल हा शब्द ऐकून म्हातारीच्या हातातली वाटी खाली टेकली. ती सुनेकडे बघत राहिली. अनारकुलला खोटं बोलणं फार सोपं होतं. "छे, कोण म्हणतं," एवढं पुरलं असतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आधी गोळ्या परत, आणि दम बसवायचा. मग मांडीच्या शिरेतून बारीक फुगा नेऊन झडप उघडतात, कापाकापी नाही. पोटुश्या बाईची पण उघडतात, मूल पोटात ठेवून. बहुतेक वेळा दोघंही सुटतात. बहुतेक वेळा. यावेळी तुला सगळं सांगेन, प्रत्येक आकडा, वाईट असेल तो पण. तू मला सांगायचं, मी तुला सांगायचं. पण इथे राहिलीस तर पाचव्या महिन्यापर्यंत तू पोहोचणार नाहीस. हे मात्र मला माहीत आहे."

"मागच्या वेळीसारखं माहीत आहे?" बुरुलने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती, आणि म्हणून ते जास्त लागलं.

"नाही. मागच्या वेळी मी आकड्यांचं ऐकलं होतं. आज तुझं ऐकलं."

ते चमकदार वाक्य बोलल्याबद्दल अनारकुलला लगेच ओशाळल्यासारखं झालं, पण बुरुलला त्यात काही चमकदार दिसलं नसावं. ती सासूकडे बघत होती. कालिचा उठली. तिने एका शब्दानेही कोणाला विचारलं नाही. पेटीतून सुनेचा जाड कोट काढला, गाठोडं बांधलं, दारात जाऊन टेकडीवरच्या मुलाला अशी हाक मारली की तीन युर्तांतली कुत्री भुंकायला लागली. तालाय, बुरुलचा नवरा, घोड्यावरून खाली येईपर्यंत सगळं तयार होतं. तो बायकोकडे बघून नुसता उभा राहिला आणि मग गाडीत पुढच्या सीटवर रजई घालायला लागला, ती टेकून बसू शकेल अशी.

दारात कालिचाने त्यांना थांबवलं. तिच्या हातात एक अख्खा नान होता, सकाळचा, कडेने फुगलेला. घरातलं माणूस लांब निघालं, परत येईल की नाही असं वाटण्याइतकं लांब, की त्याने अख्ख्या नानाचा एक घास तोडायचा आणि उरलेला नान घरात टांगून ठेवायचा. परत येऊन तोच संपवायचा. अनारकुलच्या मामाने फौजेत जाताना असा घास घेतलेला तिने पाहिला होता. तो नान आजीच्या घरी नऊ वर्षं टांगलेला होता.

"चाव," कालिचा सुनेला म्हणाली. "नीट चाव, ओठाला लावू नकोस."

बुरुलने घास घेतला. अनारकुल नकळत तिच्या गळ्याकडे बघत होती. घास चावला गेला, थांबला, खाली उतरला. बुरुलने ते पाहिलं आणि तिला हसू आलं. "गिळला, एजे. रोजा नाही आज."

अनारकुल गाडीकडे वळली. पाठीमागून म्हातारीने तिच्या दंडाला धरलं, चांगलं घट्ट, आणि तोच नान, बुरुलच्या दातांची खूण असलेला, तिच्या तोंडासमोर धरला.

"तू पण."

"आपा, मी कुठे तुमच्या घरची—"

"मी विचारलं का तुला, तू कोणाच्या घरची? घेऊन तू चाललीस ना? मग परत तू आणायचीस. दोघींना, नाही, तिघांना. चाव."

तालाय खाली मान घालून उभा होता. बुरुल रजईला टेकून, एक हात दारावर ठेवून, वाट बघत होती. अनारकुलला कालपासून अन्न गोड लागलेलं नव्हतं आणि तोंड कोरडं पडलं होतं. तिने नान दोन्ही हातांत धरला, बुरुलच्या खुणेशेजारी दात लावले आणि मोठा घास तोडला. चावायला वेळ लागला. कालिचा हलली नाही. तिची नजर डॉक्टरच्या गळ्यावर होती, आणि घास खाली उतरेपर्यंत ती तिथेच होती. मग तिने नान फडक्यात गुंडाळला आणि टांगायला आत घेऊन गेली.